हाँगकाँगमधली रांग

भात शिजवणारा मोठा कुकर मी. जन्म जपानातला, नोकरी हाँगकाँगला. आमच्या प्रांताचा माल परदेशात खपावा म्हणून प्रांताच्या सरकारने इथे एक छोटं ऑफिस थाटलंय. दर शरदात मला एका मोठ्या दुकानात मांडतात, आमचा नवा तांदूळ शिजवतात आणि लोकांना चाखायला देतात.

इतकी वर्षं माणसं पाहून माझा स्वभाव संशयी झालाय. ज्याला घ्यायचं असतं तो किंमत विचारतो. नुसती वाहवा करणारा पुन्हा फिरकत नाही.

यंदा तांदळाबरोबर तो पिकवणाऱ्या तोमोबे सायोही आल्या. शेजारच्या म्हाताऱ्याने शेती सोडली होती. त्याची चार खाचरं घ्यायची की नाही, हे त्या इथला खप बघून ठरवणार होत्या.

"बघाच ताई, रांग लागेल," ऑफिसप्रमुख कुवाहारा म्हणाले.

आणि लागली की! नेमकी आमच्या प्रांताचे गव्हर्नर पाहणीला यायच्या वेळेला. मला ते काही पटेना. किंमत एकानेही विचारली नव्हती.

एक आजी वाटी पुढे करत म्हणाल्या, "आपल्याकडचा भात गं! किती दिवसांनी!"

सायोताईंचा हात थांबला. "आजी, तुम्ही कुठल्या?"

"पाटीवर तुझं गाव वाचलं, त्याच्या पलीकडच्याच गावची मी. लेक इथे नोकरीला. ऑफिसातून फोन आला, गव्हर्नर येणार, इथल्या आपल्या प्रांतवाल्यांच्या मंडळातले सगळे या."

सायोताईंनी कुवाहारांकडे पाहिलं. ते पुटपुटले, "टेबल रिकामं दिसलं तर ऑफिसच बंद करतील हो."

दुकानात लादी पुसणाऱ्या, हाँगकाँगच्याच एका बाईंना खुणेने बोलावून सायोताईंनी वाटी दिली. खाऊन झाल्यावर बाई बराच वेळ हातवारे करत आपल्या भाषेत बोलल्या.

"आवडला म्हणतात," कुवाहारांनी सांगितलं.

"एवढं बोलल्या, आणि तुम्ही दोन शब्दांत आटोपलंत?"

ते ओशाळले. "गोड आहे म्हणतात. पण कालवणाबरोबर मोकळा भात लागतो, हा चिकटतो. फुकट मिळाला तर खाईन, म्हणाल्या."

सायोताई खळखळून हसल्या. सकाळपासून त्या टेबलापाशी भाताबद्दल कुणी पहिल्यांदाच खरं बोललं होतं.

तेवढ्यात गव्हर्नर आले. "काय ताई, पुढच्या वर्षी लावणी वाढवणार ना?" कॅमेरे सरसावले.

"नाही साहेब. आज माझा भात माझ्याच मुलखाने खाल्ला. ती खाचरं मी घेत नाही."

गव्हर्नर हसतच राहिले. फोटो छान आला. अहवालात 'स्थानिकांची उत्स्फूर्त गर्दी' असं लिहिलं गेलं आणि ऑफिस टिकलं.

आता मी कपाटात आहे. पुढच्या शरदात दुसरा कुणी शेतकरी येईल. त्याला माझं ऐकू जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. भेटला तर त्याला बाजूला घ्या आणि म्हणा, बाबा, रांग बघून शेत घेऊ नकोस.