कडू लागतंय का?

मी मास्क बोलतोय. सर्दीच्या साथीत कानाला अडकवायचं फडकं नव्हे! आग विझवणाऱ्या जवानांनी धुरात शिरताना तोंडावर चढवायचा, काळ्या रबराचा अस्सल मास्क. माझी कड गालाला घट्ट बसली, तर माणूस जिवंत बाहेर येतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्यासोबत एक परीक्षाही आली. वर्षातून एकदा जवानाने मला चढवायचं, डोक्यावर प्लास्टिकची टोपी ओढायची आणि आत कडू औषधाचा फवारा मारायचा. मग विचारायचं, "कडू लागतंय का?" लागलं, तर माझ्या कडेतून हवा शिरतेय आणि गडी नापास. म्हणजे परीक्षा ज्याची, निकालही त्याच्याच जिभेवर! त्यात वेळ नेमकी चहाची. गुळगुळीत गालांचे कितीतरी वीर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून "छे, अजिबात नाही" म्हणत पळाले. मला सगळं कळायचं, पण सांगणार कोणाला?

आमच्या केंद्रात एक दाढीवाला होता. पंधरा वर्षांची नोकरी, दाढी धर्माची. त्याच्या गालांकडे कधी कोणी पाहिलं नव्हतं, परीक्षेलाही कोणी बसवलं नव्हतं. मग नवे साहेब आले आणि फर्मान सुटलं, की मास्क घट्ट बसावा म्हणून उद्यापासून सगळे गाल साफ.

"साहेब, दाढी काढता येणार नाही."

"मग नोकरी काढता येईल."

गंमत म्हणजे तीन जवानांना दाढीची सूट होती. वस्तरा लागला की त्यांच्या गालांवर फोड उठत. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते धुरात न जाता बाहेर पंप सांभाळत. दाढीवाल्याने तेच काम मागितलं, तर साहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

बायको म्हणाली, "तुम्हीही आणा ना फोडांची चिठ्ठी. डॉक्टर ओळखीचाच आहे."

"खोटी?"

"दाढी तर खरी राहील!"

पण हा पठ्ठ्या सरळ कोर्टात गेला. नोकरी गेली तर घर कसं चालणार, या काळजीने बायको रोज सोबत जायची. मलाही पुरावा म्हणून पिशवीत घालून नेलं.

सरकारी वकिलाने मला उचललं. "मॅडम, दाढीवर हा बसतच नाही." न्यायाधीशबाई म्हणाल्या, "बघू या." तिथेच टोपी आली, फवारा उडाला. "कडू लागतंय का?"

मागच्या बाकावरून बायको जोरजोरात मान हलवत होती. नाही म्हणा, नाही म्हणा!

"लागतंय," दाढीवाला म्हणाला. "चांगलंच."

वकील खूश. तेवढ्यात बाई वकिलाशेजारी बसलेल्या साहेबांकडे बघून म्हणाल्या, "आता साहेबांना लावा." साहेबांचे गाल आरशासारखे, पण हनुवटी निमुळती. मी तिथे कधीच नीट बसलो नव्हतो. फवारा उडाला, साहेबांचे डोळे वाहू लागले. "नाही... अजि... अजिबात..." आणि ठसका!

"यांना पाणी द्या," बाई म्हणाल्या. "या दाढीवाल्याला धुरात पाठवू नका, ते मान्य. पण फोडवाले तरी कुठे जातात? फोडांची दाढी पंपाला चालते आणि श्रद्धेची का चालत नाही, हे तुम्ही सिद्ध करायचं. तो भार तुमच्यावर आहे, त्याच्यावर नाही."

वकिलाने कागद उलटेपालटे केले. कागदांत काही नव्हतं.

नोकरी वाचली. दाढीवाला आता पंपावर असतो. आत कोणी अडकलं की त्याचे पाय दाराकडे वळतात आणि तो ते मागे घेतो. खरं बोलल्याची ही किंमत तो मुकाट्याने देतो. ते पाहून मला वाईट वाटतं.

साहेबांनी मात्र दुसरा मास्क मागवलेला नाही. आग लागली की ते अजून मलाच चढवतात आणि ऐटीत आत शिरतात. बाई, तुमच्यापर्यंत माझा आवाज पोहोचत असेल, तर एक सूट मलाही द्या. देवाधर्माचं माझं काही म्हणणं नाही. फक्त या माणसाच्या तोंडावरून मला उतरवा, तो मरायच्या आत.