मालन बाजूला बसली

"अवो, ती भाकरी आहे की सरकारी नकाशा?" उघड्या दारातून आत पाहत मालन म्हणाली. "मुंबई तेवढी तुटून चुलीत पडली बघा."

दगडूने निखाऱ्यातून तो तुकडा चिमट्याने उचलला, राख फुंकली आणि तोंडात टाकला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून राहून त्याला कमी बोलायची सवय झाली होती. त्या खडखडाटात बोलून ऐकणार कोण? घरी आल्यावर बोलायचं काम मालनकडे होतं.

ती बाहेर गॅलरीत गोणपाटावर बसली होती, जिन्याच्या तोंडाशी, भिंतीला पाठ लावून. बाजूला बसलेल्या बाईची ती जागा. तीन दिवस तिने कशाला शिवायचं नाही, चूल नाही, पाणी नाही, देव तर नाहीच. गिरणीत मात्र ती याच दिवसांत वाइंडिंग खात्यात बारा जणींच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची. तिथे कुणी विचारत नसे. शिवाशिव होती ती लालबागच्या त्या एका खोलीपुरती. आता मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीने जाहीर केल्यापासून गिरण्या बंद होत्या, रस्त्यात टायर जळत होते, मुलगा रामू सत्याग्रहात पकडला गेला होता, आणि मालन आपली नेमाने महिन्याच्या महिन्याला बाजूला बसत होती.

खरी गोष्ट अशी होती, की तिला बाजूला बसायचं काही कारण उरलं नव्हतं. दिवाळीच्या आधीच तिचं बंद झालं होतं.

पहिल्या महिन्यात तिला वाटलं, दगदगीमुळे असेल. दुसऱ्या महिन्यात ती चिंचपोकळीच्या एका वैद्याकडे गेली. त्याने नाडी धरली, वय विचारलं, आणि आता औषध कशाला, होतं असं या वयात, म्हणाला. मालन तिथून उठली ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात वैद्याची अक्कल काढतच घरी आली. त्याच आठवड्यात वाण्याच्या दुकानातल्या नोकराने तिला मावशी म्हटलं. ती वर्षानुवर्षं तिथलीच गिऱ्हाईक, पण तिने तांदूळ परत त्याच्या पोत्यात ओतले आणि पुढच्या गल्लीतल्या वाण्याकडे खातं उघडलं. सुईत दोरा जाईना तेव्हा सुया बनवणाऱ्याला शिव्या दिल्या. आरशात कानावर पांढरं दिसायला लागलं तेव्हा दगडूला सांगून आरसा खिडकीपासून उचलून मोरीच्या अंधाऱ्या भिंतीला लावून घेतला. दगडूने तिथे दाढी करताना दोनदा गाल कापून घेतला, पण का म्हणून विचारलं नाही.

हे सगळं तिने पचवलंही असतं, पण शेजारी जाईबाई होती.

जाईबाई आणि मालन कोकणातल्या एकाच वाडीतल्या. लग्न होऊन एकाच वर्षी मुंबईला आल्या आणि एकाच माळ्यावर भिंतीला भिंत लावून राहिल्या. जाईबाई तीन वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर तिने पापड लाटून एकुलत्या रघूला वाढवलं होतं. दोघींचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं चाळीत कुणाला आठवत नव्हतं. नळावर कुणाचा हंडा आधी लागला इथपासून ते कुणाच्या सासऱ्याने कुणाच्या आजोबांची गाय अडवली होती इथपर्यंत भांडायला त्यांना काहीही पुरायचं. एका रघूवरून मात्र कधी भांडण झालं नाही. तो आईच्या देखत मालनच्या तव्यातला तळलेला बांगडा उचलून न्यायचा आणि मालन त्याला मेल्या म्हणून दुसरा द्यायची.

दोन वर्षांपूर्वी जाईबाईने बाजूला बसणं सोडलं, तेव्हा ते सगळ्यांत आधी मालनच्या लक्षात आलं. पाच-पंचवीस बाया नळावर जमलेल्या असताना ती मोठ्याने म्हणाली होती, "जाईबाईची पाळी सुटली गो! भोंगा वाजला!"

गिरणगावातल्या बाया त्या. पाळीही कळली आणि भोंगाही. नळावर असा हशा उसळला, की जाईबाई अर्धा भरलेला हंडा उचलून निघून गेली आणि पुढे कित्येक महिने मालनशी भांडायलाही आली नाही. तेव्हा मालनला आपण फार मोठी बाजी मारली असं वाटलं होतं. आता तेच वाक्य तिची वाट बघत नळावर उभं होतं. म्हणून ती दर महिन्याला गोणपाट उचलून बाहेर बसत होती, दगडूकडून वरून चहा ओतून घेत होती आणि कंबर धरून कण्हतही होती.

घरात सून होती, नलू. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. मालनचं तिच्याशीही पटत नव्हतं. पोर हळू बोलते, हळू चालते, हिच्या हातून वरणाला उकळीसुद्धा हळू येते, अशी तिची तक्रार. भाकरी तर नलूला थापताच येत नसे, म्हणून मालन बाजूला बसली की भाकऱ्या दगडूकडे. मागच्या महिन्यात गोणपाटावर बसल्या बसल्या मालनची नजर गॅलरीतल्या दोरीवर गेली. नलूच्या वाळत घातलेल्या लुगड्याखाली, अर्धवट झाकलेल्या, धुतलेल्या जुन्या कापडाच्या घड्या होत्या. बाया त्या तशाच वाळत घालतात, लुगड्याआड. पण नलूचे ते दिवस नव्हते. ती आत चुलीपुढे बसून मासे साफ करत होती.

मालनला समजायला थोडा वेळ लागला. मग कानशिलं तापली. संध्याकाळी नलूला बोलावून ती म्हणाली, "वाळत घालायला दुसरं काही नाही का घरात?"

नलू खाली बघत म्हणाली, "जाईकाकू दोरीकडे बघतात, आत्या."

त्या रात्री मालन जेवली नाही. कुणी शिवी दिली असती तर तिला उलटून देता आली असती. सुनेने आपली लाज राखायची, तीही न सांगता, न हसता, हे तिला कुठे ठेवावं ते कळेना. दुसऱ्या दिवशी ती नलूला आमटीच्या मिठावरून इतकं टाकून बोलली, की दगडूसुद्धा म्हणाला, "मीठ बरोबर आहे."

आणि आता हा महिना. भाकरीवरून दगडूला बोलून झालं आणि खाली रस्त्यावर शिट्ट्या वाजल्या. पाठोपाठ दगडांचा पाऊस, पळापळ, आणि मग फटाक्यांसारखे सुटे आवाज. माळ्यावरची दारं-खिडक्या धडाधड बंद झाली. नलूने दारातून हात पुढे केला, आत या म्हणाली. मालनने मान हलवली. बाजूला बसलेली बाई एकदम चुलीजवळ कशी जाईल? खोटं निभवायचं तर गोळीबारातही निभवायला हवं होतं. तिने धुराने झोंबणारे डोळे पदराने पुसले आणि भिंतीला आणखी चिकटून बसली.

जरा शांत झालं तसा तळमजल्यावरच्या कोंडीरामचा आवाज आला. तो जिन्यातूनच ओरडत होता. रघूला गोळी लागली, मांडीत लागली, पोरांनी उचलून हॉस्पिटलात नेलं, बाहेर कुणी पडू नका, कर्फ्यू लागलाय, दिसेल त्याला मारतायत.

जाईबाईचं दार उघडलं. ती पापडाच्या पिठाने भरलेल्या हातांनी तशीच, अनवाणी जिन्याकडे धावली. गॅलरीत दुसरं कुणीच नव्हतं. मालन उठली आणि जिन्याच्या तोंडाशी तिने जाईबाईला कमरेला धरलं.

"सोड," जाईबाई म्हणाली. "माझा पोरगा आहे तिकडे."

"खाली गेलीस तर तुलाही गोळी घालतील. मग त्याला बघणार कोण?"

जाईबाईने तिच्या हातावर नखं मारली, दंडाला चावली, आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "शिवू नकोस मला! बाजूला बसलीयस ना? हो लांब!"

मालनने मिठी सैल केली नाही. दोघी तशाच धडपडत जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. मालनला धाप लागली होती.

"शिवले तर शिवले," ती म्हणाली. "विटाळ नाही मला. माझी पाळी सुटलीय. कधीचीच."

जाईबाई तिच्याकडे वळली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, नाकाला पीठ लागलं होतं.

"आम्ही भोंगा दिवाळीतच ऐकला," ती म्हणाली. "सगळ्या माळ्याला ठाऊक आहे, भवाने."

आणि मग ती मालनच्या खांद्यावर डोकं आपटून रडायला लागली.

मालनने तिला आपल्या खोलीत नेलं. जाईबाई म्हणाली, तुझ्या घरात पाणी पिणार नाही. मालन म्हणाली, नको पिऊस, समोर भांडं ठेवलंय ते बघत बस. मग तिने मोरीत हातपाय धुतले आणि सरळ चुलीपुढे जाऊन दगडूला उठवलं. नलूने पाट पुढे सरकवला.

"तुम्हालाही ठाऊक होतं?" पीठ मळता मळता मालनने नवऱ्याला विचारलं.

दगडू हात धूत होता. "होतं."

"मग एवढे महिने भाकऱ्या कशाला थापल्यात?"

"मला वाटलं, बसायला बरं वाटत असेल तुला," तो म्हणाला.

मालनने चुलीत जास्तच फुंकर घातली आणि सगळ्या खोलीत राख उडवली. दगडूने डोळे चोळले. नलू पटकन तोंड फिरवून हसली आणि मालनने ते पाहिलं, पण त्या दिवशी सुनेला काही बोलली नाही. जाईबाई शेवटी पाणी प्यायली, तिने अर्धी भाकरीही खाल्ली आणि भाकरी कच्ची आहे असं सांगून पुन्हा रडली.

कर्फ्यू सकाळी दोन तास उठला. तेवढ्यात दोघी निघाल्या. मालनने डब्यात पेज घेतली होती, तिच्यावर थोडं तूप. नाक्यावर रिकाम्या ट्रामगाड्या उभ्या होत्या, रस्त्यात चपलाच चपला पडल्या होत्या. जाईबाईला त्यांच्याकडे बघवेना. वाटभर दोघी भांडत गेल्या. कुठल्या गल्लीने गेलं तर लवकर पोचू, रघूला तू मोर्च्यात जायला का दिलंस, तुझ्या रामूनेच त्याला या नादाला लावलं, नाही, तुझ्या रघूनेच माझ्या रामूला लावलं. भांडता भांडता चालणं झालं आणि रडायचं राहून गेलं.

हॉस्पिटलच्या दारात गर्दी होती. आत सोडणारा पहारेकरी वैतागलेला होता, रात्रभर उभा असावा. जखमींच्या वॉर्डात जवळच्या नात्याशिवाय कुणाला सोडायचं नाही असा हुकूम आहे, असं तो प्रत्येकाला सांगत होता. रघूचं नाव सांगितलं तेव्हा, पोरगा शुद्धीवर आहे आणि त्याने कालपासून काही खाल्लेलं नाही, एवढं त्याच्याकडून कळलं.

"मी आई त्याची," जाईबाई म्हणाली.

"जा. आणि ह्या?"

"ह्या शेजारच्या..."

"शेजारपाजार नाही. परत जा बाई." तो पुढच्या माणसाकडे वळला. मग कोण जाणे काय वाटलं, त्याने मान फिरवून मालनकडे नीट पाहिलं. विस्कटलेले केस, कानावरचा पांढरेपणा, रात्रभर जागून खोल गेलेले डोळे, छातीशी धरलेला डबा. त्याचा आवाज उतरला.

"तुम्ही पोराच्या आजी का? ह्यांच्या आई?"

जाईबाईने पदराचं टोक तोंडात कोंबलं. कालपासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत रडण्याखेरीज काहीतरी होतं. मालनने तिच्याकडे पाहिलं, पहारेकऱ्याकडे पाहिलं. वाण्याच्या नोकराला दिली असती ती सगळी उत्तरं जिभेवर येऊन उभी राहिली. आत कुठेतरी रघू उपाशी होता.

"हो," ती म्हणाली. "आजी."

"मग आधीच सांगायचं की. जा. सावकाश चढा, पायऱ्या उंच आहेत."

मालनने गुडघ्यावर हात ठेवला आणि पहिली पायरी चढली. ते पहारेकऱ्याला दाखवायला होतं, की गुडघा खरंच धरला होता, ते जाईबाईला कळेना. ती वर थांबली आणि तिने हात पुढे केला.

मालनने त्या हातात पेजेचा डबा दिला, आणि आपली आपण वर चढू लागली.