साहेब, दाढी आणि चौथी पट्टी

मी टीव्ही. तसा जन्मभर बोलतच आलोय, पण सगळं दुसऱ्यांचं. बातम्या बातमीदारांच्या, गाणी कुणाकुणाची, रडणं मालिकेतल्या बायकांचं. आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय, तेही बंद असताना. आवाज जरा बसल्यासारखा वाटला तर समजून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्यातलं फार आठवत नाही. एका सरकत्या पट्ट्यावर मी आडवा पडलो होतो आणि हातमोजे घातलेले हात माझ्यात काही ना काही बसवत होते. शेवटी एकानं मला चालू केलं, दोन सेकंद बघितलं, मान डोलावली आणि बंद करून खोक्यात घातलं. माझी परीक्षा तेवढीच झाली.

पुढची सहा वर्षं मी एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर काढली. पाहुणे खोलीत आले की आधी मला लावायचे, मग बूट काढायचे आणि मग माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत बसायचे. एकट्या माणसाला दुसऱ्याचा आवाज लागतो, ऐकायचा नसला तरी लागतो, हे मी तिथं शिकलो. पुढे हॉटेलवाल्यांनी माझ्याहून मोठे, सडपातळ टीव्ही आणले. त्याच आठवड्यात खिडक्यांची मापं घ्यायला पडद्यांच्या एका कारखान्यातले मास्तर आले होते. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला मी त्यांना दिसलो. त्यांनी विचारलं, हा टाकूनच देताय ना? मग मला एका जुन्या पडद्यात गुंडाळलं आणि काखोटीला मारून नेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी तटस्थ नाही.

मास्तर त्या कारखान्यात कापड कापायचे. एकतीस वर्षं एकच कात्री, आणि हातानं घेतलेलं माप टेपनं तपासायची गरज कधी पडली नाही. मला भिंतीवर बसवताना त्यांनी पाणसळ लावून बघितली होती. कारखाना कसला, दुसऱ्या मजल्यावरचं एक लांबलचक दालन. मधोमध कटिंगचं टेबल, खिडकीपाशी तीन शिलाई मशीन, कोपऱ्यात पडद्यांच्या दांड्या. मला लावायची वेळ ठरलेली, दुपारी एक ते दोन, डबे उघडल्यावर. एरवी बंद. कात्री हातात असताना टीव्ही नाही, हा नियम मास्तरांचाच.

जेवायला चौघं असत. मास्तर, हातशिलाई करणाऱ्या मावशी, मशीनवर बसणारा एक जण आणि धांदल. मशीनवाल्याला सगळे वकीलसाहेब म्हणत, कारण तो मीठ कमी आहे हेही मुद्दे मांडून सांगायचा. धांदल म्हणजे तिशीतली एक बाई. कामाला आल्या आल्या तिनं स्वतःच्या एप्रनचं टोक पडद्याला शिवून टाकलं होतं. ती उठून चालायला लागली आणि मागून नऊ फुटांचा पडदाही निघाला. तेव्हापासून तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही. चुका तिच्या होतच राहिल्या. मी सांगतोय त्याच्या महिनाभर आधी कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, की आता आणखी एक चूक झाली तर दुसरीकडे काम बघायचं.

त्या काळात माझ्यावर एक गुन्ह्यांची मालिका लागायची. आदल्या संध्याकाळचा भाग दुपारी सव्वाला पुन्हा दाखवत. तिच्यात एक पोलीस अधिकारी होता. त्याला हे लोक नुसतं साहेब म्हणायचे. एका शिक्षिकेच्या हातून तिला वर्षानुवर्षं छळणारा माणूस मारला जातो. साहेबाला ते कळतं. तो तिची शाल पुराव्यातून काढून आपल्या कपाटात लपवतो आणि तो खून एका गुंडाच्या नावावर टाकतो. हा गुंड आधीच दोन खुनांसाठी तुरुंगात असतो. त्याला इथं सगळे दाढी म्हणत.

झालं. त्या दिवसापासून चार माणसांचे दोन पक्ष पडले. वकीलसाहेबाचं म्हणणं असं, की दाढी नरकात जावो, पण त्यानं जे केलं नाही ते त्याच्या गळ्यात घालायचा अधिकार साहेबाला कुणी दिला? मावशी म्हणत, ती पोर सुटली ना, मग पुरे झालं. असा साहेब प्रत्येक चौकीत एक तरी हवा. धांदल मावशींच्या बाजूची. दाढीला काय फरक पडतो, दोनाचे तीन झाले तर, असं ती तोंडात घास घेऊनच बोलायची. वाद इतका पेटला, की वकीलसाहेबानं मावशींना आपली दोरे कापायची छोटी कात्री देणं बंद केलं. मावशींनीही त्याच्या शर्टाचं बटण लावून द्यायला साफ नकार दिला. मी मात्र रोज तोच साहेब दोघांनाही सारखाच दाखवत होतो.

मास्तर कुठल्याच पक्षात नव्हते. गोष्ट आहे ती, जेवा गुपचूप, एवढंच म्हणायचे. पण बघायचे सगळ्यांत जास्त लक्ष देऊन. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर यायचा आणि घास हातातच राहायचा.

मग एका नाट्यगृहाच्या मुख्य पडद्याचं काम आलं. लाल मखमल, डाव्या भागाच्या सात पट्ट्या आणि उजव्या भागाच्या सात. मखमलीला लव असते. एका दिशेनं हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते आणि रंग फिका दिसतो. उलट फिरवला तर हाताला अडते आणि रंग गडद दिसतो. म्हणून कापलेल्या प्रत्येक पट्टीच्या मागे खडूनं बाण काढतात, लव कुठे जाते ते दाखवायला. शिवणाऱ्यानं बाण बघायचा आणि शिवायचं, हात फिरवून वेळ घालवायचा नाही. बाण काढणं हे धांदलीचं काम होतं.

एका दुपारी मावशी, वकीलसाहेब आणि धांदल एका रुग्णालयाचे पडदे लावायला गेले होते. मास्तर एकटे होते आणि चार पट्ट्या कापायच्या राहिल्या होत्या. सव्वा वाजला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक करून मला लावलं. साहेब तुरुंगात दाढीसमोर फाइल ठेवतो, तो भाग होता. मास्तरांच्या एका हातात पट्टी होती, एका हातात खडू. नजर माझ्यावर होती. पट्टी टेबलावर फिरली, हे टोक तिकडे गेलं, ते इकडे आलं आणि खडूनं त्याच सरावानं बाण ओढला गेला. मला दिसत होतं. पण मला जे दाखवायला दिलेलं असतं तेवढंच मी दाखवू शकतो.

आठ दिवसांनी पडदा नाट्यगृहात टांगला आणि दिवे लावले, तेव्हा डाव्या भागातली चौथी पट्टी वेगळी दिसायला लागली. तेवढ्याच भागावर कुणी ओला हात फिरवल्यासारखी. सोमवारी पडदा परत आला. पट्टी वरखाली कातरून झाली होती, फिरवून लावता येईना; त्या रंगाची मखमल संपली होती, नव्या ताग्याचा लाल जुळेना, म्हणजे पडद्याचे दोन्ही भाग पुन्हा करायचे. मालकीणबाई वरच्या पट्टीत कधी बोलत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, बाण कुणी काढले?

सगळ्यांनी धांदलीकडे बघितलं. आणि तीच म्हणाली, "मीच काढले असणार. माझंच काम आहे ते."

चौदांपैकी दहा बाण तिचे होते आणि चार मास्तरांचे. पण कोणते कुणाचे, हे तपासावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वकीलसाहेबाच्यासुद्धा नाही. इतके दिवस दाढीची बाजू लढवणारा हा माणूस त्या क्षणी मशीनची सुई बदलत बसला. मालकीणबाईंनी धांदलीला शनिवारपर्यंतची मुदत दिली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मास्तरांनी ती पट्टी उसवली आणि मागची बाजू वर केली. धांदलीचे बाण आखूड आणि बुटके असतात. हा लांब होता, सरळ, टोकदार. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग पट्टीची घडी केली आणि टेबलाखाली, जुन्या कापडांच्या मागे सारून ठेवली. असल्या गोष्टी मी रोज दाखवतो. प्रत्यक्ष घडताना पहिल्यांदाच पाहिली. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. ज्यानं मला कॉरिडॉरमधून उचललं, त्या माणसाचे हात थकलेत, एवढंच मला दिसलं. बायकोपाशीसुद्धा कबूल न केलेली गोष्ट ते त्या घडीत लपवत होते, की आता आपली नजर आणि हात एकत्र चालत नाहीत.

गुरुवारी दुपारी पुन्हा डबे उघडले. मालिकेत दाढीला तिसऱ्या खुनाचा आरोप वाचून दाखवत होते. तो हसतो आणि म्हणतो, लिहा, आधीच कुठे कमी आहेत. वकीलसाहेबानं लगेच घसा साफ केला. बघा, म्हणाला, ह्या माणसाला आता स्वतःचा बचाव करावासाही वाटत नाही, ही साहेबाची करणी. मावशींनी वाद सोडून आपली भाजी धांदलीच्या डब्यात वाढली, तिला दोनच दिवस उरले होते म्हणून.

धांदलच बोलली. "साहेब वाईट नाही हो. आणि दाढीचं तर बरंच आहे."

"काय बरं आहे त्याचं?" वकीलसाहेबानं विचारलं.

"त्याला आपण केलं नाही हे माहीत तरी आहे. मला तो बाण काढलेला आठवतच नाही. काल दिवसभर मी एकेका पट्टीवर तीन-तीनदा हात फिरवला. गुळगुळीत कुठलं आणि उलटं कुठलं, तेच कळेना. हात थरथरतो नुसता. दुसरीकडे काम मिळेलही, पण ह्या हातांनी करू काय?"

हे तिनं रडत सांगितलं नाही. भाजी आळणी झालीये म्हणावं तसं सांगितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

मास्तर उठले. साहेब कपाटापाशी उभा होता, शालीकडे हात जात होता, तेवढ्यात त्यांनी मला बंद केलं. त्यानं पुढे काय केलं ते मला आजही ठाऊक नाही. बंद असलो तरी दालनातलं मला दिसतं आणि ऐकूही येतं. त्यांनी टेबलाखालून ती घडी ओढून काढली. मग मालकीणबाईंना हाक मारली.

"हा बाण माझा आहे," मास्तर म्हणाले. "ही रुग्णालयात होती त्या दिवशी. मी टीव्ही बघत होतो. सोमवारपासून मला माहीत आहे."

"सोमवारपासून?" धांदलीनं विचारलं.

"हो. सोमवारपासून."

 माफी कुणी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही. मालकीणबाई पट्टी हातात घेऊन उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला बोल लावायचा त्यांना धीर होईना. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, हे सगळं ह्या डबड्यामुळे. मावशी म्हणाल्या, अगदी बरोबर. वकीलसाहेब म्हणाला, मी तर पहिल्यापासून सांगत होतो. तो कधीच सांगत नव्हता. मास्तर खाली बघत राहिले. शुक्रवारी सकाळी त्यांनीच माझे स्क्रू काढले, एकेक, सावकाश.

त्यालाही आता वर्ष होत आलं. मी मागच्या सामानाच्या खोलीत दांड्यांपाशी उभा आहे, त्याच चौथ्या पट्टीत गुंडाळलेला. भिंत पातळ आहे, त्यामुळे जेवणाच्या वेळचं बोलणं कानावर येतं. वाद चालूच आहेत, फक्त साहेबाच्या जागी मास्तर आलेत. ते आता अर्धाच दिवस येतात, म्हणून उरलेला अर्धा दिवस त्यांच्यावर खल चालतो. वकीलसाहेब म्हणतो, तीन दिवस गप्प बसले ते बसलेच, ते कसं पुसणार? मावशी म्हणतात, शेवटी बोलले ना, किती जण बोलतात? धांदल कुठल्याच बाजूनं बोलत नाही. सकाळी मास्तरांकडून ती कापायला शिकते, आणि ते चुकीचं धरतात तेव्हा त्यांना तोंडावर सांगते. ते ऐकतात.

मला कुणी विचारलं तर मी कुणाची बाजू घेईन? मास्तरांची, कारण त्यांनी मला उचललं. पण त्या तीन दिवसांत मी भिंतीवरून तिचे हात बघितलेत, त्यामुळे वकीलसाहेबाला खोटा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. चूक माझी होती असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मी चालू होतो, हे खरंच आहे. माझं मागणं एवढंच, की ही पट्टी कुणी सोडवू नका. थंडीची बरी वाटते.

काल धांदल इथं दांडी न्यायला आली होती. जाता जाता थांबली आणि तिनं माझ्यावरच्या मखमलीवरून हात फिरवला, आधी खालून वर, मग वरून खाली. दुसऱ्यांदा बघायची तिला गरज पडली नाही. "उलटी गुंडाळलीये," एवढंच म्हणाली आणि दांडी खांद्यावर टाकून गेली. तिचा हात अजिबात थरथरत नव्हता.