दुसरी किल्ली

मास्तरांनी कठड्यावरचं एक गुलाबी कुलूप तळहातावर घेतलं, हलवून कानाशी धरलं आणि ते टक्‌कन उघडलं.

“अहो, कुणाचा तरी संसार मोडाल,” त्यांची बायको म्हणाली.

“मी काय केलं? नुसतं ऐकलं.” त्यांनी घाईघाईनं कुलूप दाबून बंद केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “याला कुलूप म्हणतात होय? यापेक्षा सुतळीची गाठ बरी.”

डोंगरातल्या त्या गावात माणसं दोनच कामांसाठी येत. दरी बघायला आणि दरीच्या कठड्याला कुलूप लावायला. जोडीनं यायचं, कुलपावर दोघांची नावं लिहायची, ते अडकवायचं आणि किल्ली खाली भिरकावून द्यायची. झालं, आता कोण वेगळं करतंय! लाल, पिवळी, बदामाच्या आकाराची कुलपं पोळ्यावरच्या मधमाश्यांसारखी एकमेकांना चिकटून लोंबत होती. गेल्या वर्षी लेक-जावई इथे येऊन गेले होते. लेकीनं पाठवलेला फोटो तिनं इतक्यांदा पाहिला, की मास्तरांनी शेवटी विचारलं होतं, “त्यात आहे काय एवढं?”

“काही नाही,” ती म्हणाली होती. मग भाजी निवडता निवडता, वर न बघता, “माझ्यासाठी एक किल्ली टाकाल का?”

मागणं साधंच होतं, पण ते किल्लीमास्तरांकडे होतं. अख्खी गल्ली त्यांना याच नावानं ओळखायची. घराला लागूनच्या चिंचोळ्या दुकानात दोघांचा जन्म गेला. बिघडलेल्या कुलपांपाशी मास्तर आणि डुप्लिकेट किल्ल्या करायच्या मशीनवर ती. दुकानाचा नियम होता, किल्ली टाकायची नाही. गंजलेली, मोडकी, बेवारशी, कसलीही असो, ती डब्यात जायची. आणि नवं कुलूप गिऱ्हाइकाच्या हाती पडायच्या आत त्याची दुसरी किल्ली तयार पाहिजे. “एकच किल्ली म्हणजे अर्धं कुलूप,” मास्तर म्हणत. सुट्टीच्या दिवशी कुठे निघावं, तर कुणीतरी आपल्याच दाराबाहेर अडकून बसलेलं. लोकांची दारं उघडता उघडता या दोघांना स्वतःच्या दाराबाहेर पडायला काही जमलं नव्हतं.

तेव्हा आता व्याख्यान ऐकावं लागणार, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. पण व्याख्यान झालंच नाही. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी दुकान आवरलं की दिवा जवळ ओढून ते एक कुलूप घडवायला लागले. मुठीएवढं, पितळेचं, आतला खटकान्‌खटका स्वतः कानशीनं घासून बसवलेला. “हे तारेनं उघडणारा अजून जन्माला यायचाय,” ते म्हणाले. तिनं त्या रात्री स्वयंपाकघर आवरताना गाणं गुणगुणलं आणि मास्तरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आता ते कुलूप कठड्याला लागलं होतं. गुलाबी गर्दीत एखाद्या सासऱ्यासारखं गंभीर दिसत होतं.

“टाका,” ती म्हणाली.

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली, हात मागे नेला, डोळे मिटले आणि फेकली. किल्ली उन्हात एकदा चमकली, गिरकी घेऊन दरीत दिसेनाशी झाली.

तिचं हसू अर्ध्यावरच थांबलं. रोज उठून जी बाई किल्ल्यांनाच खाचा पाडते, तिचे डोळे फसत नाहीत. गिरकी घेताना किल्लीच्या दोन्ही कडा सरळ दिसल्या होत्या. एकही खाच नव्हती. मास्तरांनी कोरी किल्ली फेकली होती. तसली एखादी त्यांच्या खिशात नेहमीच असे.

“झालं मनासारखं?” हात झटकत त्यांनी विचारलं.

“झालं,” ती म्हणाली.

बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर ते तिच्या मनाला आणखीनच लागलं. एक किल्ली. दागिना नाही, शालू नाही. एवढ्या वर्षांत मागून मागून मागितलं काय, तर बोटभर पितळ, तेही माणसाच्या हातून सुटलं नाही.

आता खरं सांगायचं, तर तिच्या पर्समध्ये, सेफ्टी पिनांच्या डबीत, त्याच कुलपाची दुसरी किल्ली होती. सकाळी मास्तर अंघोळीला गेले आणि तिचे हात आपोआप मशीनकडे वळले. पण ती सवय होती. टाकतो म्हणून न टाकणं वेगळं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ उन्हात कसं लख्ख दिसतं. आपल्या मुसळाला डबीत जागा होते.

मास्तर मात्र फार गोड वागत होते. तिच्यासाठी लोकरीची टोपी घेतली, चहाच्या टपरीवर दरीकडची खुर्ची तिला दिली, वर “दमलीस का?” असंही विचारलं. गोड वागणारे मास्तर म्हणजे काहीतरी बिघडवून ठेवलेले मास्तर, हे तिला पाठ होतं. पुढे एका फळीवर डोंगर रंगवला होता आणि डोंगरापुढे नवरा-नवरी. चेहऱ्यांच्या जागी भोकं. मागे खरा डोंगर उभा असताना लोक रांग लावून या फळीत तोंडं घालत होते. मास्तरही गेले आणि नेमकं नवरीच्या भोकात डोकं घातलं. फुलांच्या मुकुटाखाली त्या पांढऱ्या मिशा बघून तिला हसू आवरेना. राग असा हसण्यात सांडला, की मग तो पुन्हा काठोकाठ भरत नाही.

बसस्थानकाची वाट कठड्याजवळूनच होती. तिथे रखवालदार उभा होता, हातात लांब दांड्यांची कातर.

“हे पितळी कुणाचं?”

मास्तरांची छाती आपसूक फुगली. “माझं.”

“काढा.”

“का बरं?”

“कठडा वाकतोय काका. बाकीची मी आठवड्याला कापतो, वांगी चिरावीत तशी.” त्यानं कातर पुढे केली. पात्याला नवीकोरी खाच पडली होती. “याच्यापायी हे झालं. आता उद्या सळईच कापायला लागेल. किल्ली आणा.”

“किल्ली तर...” मास्तरांचा हात सदऱ्याच्या खिशापाशी गेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हात तसाच खाली आला. “किल्ली टाकली.”

“सगळेच टाकतात. मग करायचं काय?”

मास्तर कुलपाकडे वळले. मग तिला म्हणाले, “केसातला आकडा दे जरा.”

त्यांनी दुखरा गुडघा जमिनीला टेकवला, कान कुलपाला लावला आणि आकडा आत घातला. कुलूप ढिम्म. माणसं जमली.

“काकांना जमतंय का?” कुणीतरी विचारलं.

“जमतंय की. जरा कडक आहे.”

आकडा वाकला. तिनं दुसरा दिला. मास्तरांचे कान लाल झाले, कपाळावर घाम आला. गावातली कडेकोट दारं ज्यानं बोलता बोलता उघडली, तो माणूस अनोळखी लोकांपुढे स्वतःच्याच कुलपाशी हरत होता. खिशात हात घालायला एक क्षण पुरला असता. खाली बसचा भोंगा वाजला. मास्तरांनी बाहीनं घाम पुसला, तिच्याकडे बघायचं टाळलं आणि पुन्हा कान लावला.

तिनं पर्स उघडली. सेफ्टी पिनांची डबी काढली.

“घ्या.”

मास्तरांनी किल्ली पाहिली, तिला पाहिलं. “ही कुठून आली?”

“सकाळी केली. तुम्ही अंघोळीला गेला होतात.”

“म्हणजे तू...” त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला, जसा जामीन मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पसरावा. “म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा!”

“हाताची सवय हो.”

“बघा,” ते रखवालदाराला म्हणाले, “मी इकडे किल्ली दरीत टाकतोय, आणि आमच्या मंडळींच्या पर्समध्ये दुसरी तयार!”

“नशीब समजा,” रखवालदार म्हणाला. “नाहीतर कठड्यासकट घरी न्यावं लागलं असतं.”

बसमध्ये मास्तर नुसते खुलले होते. प्रत्येक वळणाला त्यांना विश्वासाविषयी नवं काहीतरी सुचत होतं.

“एकदा टाकलं म्हणजे टाकलं. मन घट्ट लागतं त्याला.”

“खरंय.”

“तुला नाही जमायचं.”

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. कुलूप तिच्या मांडीवर होतं. मास्तरांच्या हातात इतका वेळ राहून ते कोमट झालं होतं. “आता हे लावायचं कुठे?”

“घरी गेल्यावर बघू. किल्ली दे इकडे, हरवशील.”

तिनं दिली. मास्तरांनी ती ऐटीत सदऱ्याच्या खिशात टाकली.

किल्लीवर किल्ली पडल्याचा आवाज तिला झोपेतसुद्धा ओळखू आला असता.

मास्तर एकदम खोकले. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं.

“गारठा लागला वाटतं तुम्हाला,” ती म्हणाली आणि स्वतःची लोकरीची टोपी काढून तिनं त्यांच्या डोक्यावर चढवली. दोन्ही कान झाकले जातील अशी, नीट खाली ओढून.