शनिवारची गाडी

रविवारी सकाळी साडेनऊला सुकापूरच्या गॅरेजात शोशाना आपटेकरनं आपल्या काळ्या सफारीचं दार उघडलं, चावी अर्धी फिरवली, समोरचे काटे उजळले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रिप मीटरवर चौसष्ट किलोमीटर होते. शुक्रवारी संध्याकाळी गाडी इथे लावताना तिनं स्वतःच्या बोटानं तो शून्यावर आणला होता.

काम झाल्यावर मेकॅनिकनं गाडीची एक चक्कर मारायची असते, ते तिला मान्य होतं. गॅरेजवाल्या ताहेरची चक्कर ठरलेली. नेऱ्याच्या दिशेनं तीन किलोमीटर जायचं आणि परत यायचं. चौसष्ट किलोमीटरांत माणूस उरणला जाऊन चहा पिऊन परत येतो. आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नव्हतं. ऑगस्टात त्रेसष्ट झाले होते, सप्टेंबरात सहासष्ट. दोन्ही वेळा ती दात-ओठ खाऊन गप्प बसली होती. नऊ वर्षं ओळखीच्या माणसावर आळ घ्यायचा तर खात्री हवी, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. आता तिच्या मते खात्री झाली होती.

ही गाडी म्हणजे काय होतं ते जरा सांगायला हवं. शोशाना तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत तपासणी विभागाची प्रमुख. वय अठ्ठेचाळीस. मुलगी लग्न करून इस्रायलला गेलेली, नवरा शालोम बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी. २००६ साली तिनं सफारी घेतली तेव्हा पनवेलच्या अख्ख्या इस्रायल आळीनं, म्हणजे तिथल्या ज्यू वस्तीनं, तोंडात बोटं घातली होती. तीन माणसांच्या घराला सात सीटांची डिझेल गाडी कशाला? शोशाना कुणाला उत्तर देत बसली नाही. तिनं पुढचे-मागचे शॉक ऍब्सॉर्बर बदलले, एक माप मोठे टायर घातले, पुण्याहून इंजिनाचा जोर वाढवणारा ट्यूनिंग बॉक्स आणून बसवला. मग पहाटे उठून जुन्या हायवेनं बोरघाट चढायची. तिसऱ्या गिअरमध्ये टर्बोनं ओढ घेतली की आठवडाभराची कंपनीतली कटकट खोपोलीतच राहायची. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर तसंच चालू ठेवायचं, तापलेल्या टर्बोला निवू द्यायचं. हे तिला ताहेरनं शिकवलं होतं. या गाडीइतक्या लाडाकोडात पनवेलीत काही मुलंसुद्धा वाढली नसतील.

ताहेरशी तिचा एक शिरस्ता होता आणि तो त्या दोघांनाच जमण्यासारखा होता. ताहेरचं गॅरेज शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजासाठी बंद व्हायचं आणि तीनला उघडायचं. शोशाना महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी कंपनीतून लवकर निघून गाडी त्याच्याकडे सोडायची आणि सूर्य बुडायच्या आत रिक्षानं घरी यायची. मग शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. शनिवारी तिच्या घरात चूल पेटत नसे, तर गाडी कुठली चालणार! शनिवारभर ताहेर निवांत काम करी आणि रविवारी सकाळी ती गाडी घेऊन जाई. याच्या धर्मानं गॅरेज बंद, तिच्या धर्मानं गाडी बंद, आणि मधल्या वेळात ग्रीस, फिल्टर, ब्रेक सगळं व्हायचं. "आपली अल्लानंच जोडी जमवली, ताई," असं ताहेर हसून म्हणायचा.

या उन्हाळ्यात क्लच वर धरायला लागला, म्हणजे प्लेट झिजत आली. क्लच लवकर झिजवणं हे शोशानाच्या लेखी अडाणीपणाचं लक्षण होतं. एक लाख किलोमीटर तिनं पहिल्याच प्लेटवर काढले होते. कुणीतरी क्लचवर पाय ठेवून ही गाडी हाकत होतं, आणि ती शोशाना नव्हती. म्हणून तिनं मीटर शून्यावर आणून पाळत ठेवायला सुरुवात केली होती.

ती गाडीतून उतरली. ताहेर ओवे गावच्या दाजीच्या जीपचं बॉनेट उघडून वाकला होता, दाजी शेजारी उभा होता. आणखी दोन गिऱ्हाइकं बाकावर चहा पीत होती. बाजूच्या काउंटरवर ताहेरची बायको शरीफा स्पेअर पार्ट्स विकत होती. शोशानानं ताहेरला बाजूला बोलावलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिला ते सुचलं नाही. राग आला की तिचा आवाज आपोआप कंपनीतला व्हायचा.

"ताहेरभाई, चौसष्ट किलोमीटर कुठे गेली होती माझी गाडी?"

ताहेर सरळ झाला. हातातला पाना त्यानं पुसला. "ताई, जरा आत बसू या का?"

"आत कशाला? इथेच सांगा ना! दर महिन्याला शनिवारी माझी गाडी फिरते. क्लचची वाट लागली. शनिवारी मी गाडीला हात लावत नाही हे या गावात कुणाला पक्कं ठाऊक आहे? आणि चावी कुणाकडे असते?"

"गाडी मी फिरवली नाही."

"मग कोणी फिरवली?"

ताहेर काहीच बोलला नाही. नजरही चुकवली नाही. नुसता उभा राहिला. त्या गप्प राहण्यानं तिचं डोकं आणखी भडकलं.

"आमच्या शब्बाथचा फायदा घेता तुम्ही? मी घरात दिवा लावून प्रार्थना करत बसायचं आणि तुम्ही माझ्या गाडीतून चैन करत हिंडायचं? याला चोरी म्हणतात, ताहेरभाई. साधी सरळ चोरी!"

बाकावरचे चहाचे ग्लास हवेतच थांबले. दाजी पुढे आला. "अगो बाय, तो माणूस तसा नाय. आमी वलखतो ना त्याला."

"तुम्ही मध्ये पडू नका!"

शरीफा काउंटरवरून ताडकन उठली. "चोर कुणाला म्हणता हो? सांगू का मी, सांगू?"

"शरीफा, चूप!" ताहेर असा ओरडला की शरीफा जागच्या जागी थांबली. नऊ वर्षांत त्याला ओरडताना शोशानानं पाहिलं नव्हतं. मग तो तिच्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "मॅडम, गाडी घेऊन जा."

शोशानानं दार आपटलं आणि गाडी काढली. न्यू पनवेलच्या पुलावर तिनं तीन रिक्षा मागे टाकल्या आणि एकाला शिवी दिली. आपण बरोबरच केलं, असं ती वाटेत मोठ्यानं चार वेळा म्हणाली.

शालोम जेवणाच्या टेबलाशी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता. सत्तावन्न वर्षांचा, शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि हल्ली पनवेलीत दहाची जमवाजमव करताना नाकी नऊ येत. त्या दहांत शालोमचं नाव पहिलं. दर शनिवारी सकाळी तो चालत जायचा आणि दुपार टळल्यावर परत यायचा. प्रार्थनेनंतर म्हाताऱ्या मंडळींशी गप्पा मारत बसतो, असं तो सांगायचा.

"चांगलं झापलं आज ताहेरला," शोशाना पर्स आपटत म्हणाली. "चार माणसांत चोर म्हणाले. दर महिन्याला शनिवारी गाडी घेऊन उंडारतो मेला! वर तोंडातून अक्षर काढत नाही."

शालोमच्या हातातली शेंग तशीच राहिली. "चोर म्हणालीस?"

"मग काय म्हणू? साधू?"

"काहीच बोलला नाही तो?"

"काय बोलणार? तोंड आहे का बोलायला?"

शालोमनं शेंग ताटलीत ठेवली. "गाडी मी नेतो," तो म्हणाला.

शोशानाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"गेलं वर्षभर, महिन्यातल्या त्या एका शनिवारी," तो म्हणाला. "प्रार्थना झाली की रिक्षा करून सुकापूरला जातो. तिथून गाडी घेऊन उरणजवळ मोऱ्याला. जेटीपाशी थोडा वेळ बसतो, लाँचा बघतो, परत येतो. ताहेरला मीच सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस म्हणून. शनिवारी गाडी चालवतो हे आळीतल्या कुणाला कळलं तर त्या दहा माणसांत मी कुठल्या तोंडानं उभा राहू? त्यानं शब्द दिला."

"शब्बाथला? तुम्ही? शब्बाथला गाडी चालवता?" तिचा आवाज चिरकला. "आणि मी इथे लाइटच्या बटणालाही हात न लावता बसते! लाज नाही वाटली? आणि एवढीच हौस होती तर रविवारी का नाही नेली?"

"रविवारी तू असतेस." आता शालोमचाही आवाज चढला. सव्वीस वर्षांच्या संसारात तो चढल्याचं तिला आठवत नव्हतं. "गाडीत बसलो की, क्लचवरून पाय काढा. इतक्या कमी वेगाला चौथा गिअर का टाकलात? ब्रेक किती जोरात मारता! दोन वर्षांपूर्वी लोणावळ्याला भर रस्त्यात गाडी थांबवून मला बाजूला बसवलंस, मागच्या सीटवर माझी बहीण बसली होती. त्यानंतर मी कधी चावी मागितली? सहा दिवस गाडी तुझी. सातव्या दिवशी ती तुझी नसते, म्हणून तेवढा दिवस मी घेतला. पापाचं मी बघेन माझं."

"क्लच जाळलात तुम्ही माझा!"

"जाळला. कंटेनरच्या रांगेत पाय दुखतो माझा, क्लचवरच राहतो. क्लच भरून देता येतो, शोशाना. त्या माणसाला तू काय देणार आहेस?"

तिला नवऱ्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यांत जास्त ताहेरचा आला. एवढं ऐकून घेतलं पण एक अक्षर बोलला नाही! बोलला असता तर ती आत्ता अशी उघडी पडली नसती. चूक आपली असली की गप्प राहणाऱ्याचा असाच राग येतो. ती स्वयंपाकघरात जाऊन घोटभर पाणी प्यायली. मग बाहेर येऊन म्हणाली, "चला. मी माफी मागते."

गॅरेजात सगळे जिथल्या तिथे होते. दाजीची जीप अजून निघाली नव्हती. शरीफानं त्यांना पाहून तोंड फिरवलं. ताहेरनं मात्र दोन खुर्च्या पुसून पुढे केल्या. शालोम बसला, शोशाना बसली नाही.

"ताहेरभाई, मी चुकले. मला सगळं कळलं. हात जोडते तुमच्यापुढे."

"हात नका जोडू." ताहेरनं आवाज खाली आणला. "तुम्हाला राग आला ते बरोबर होतं. गाडीला कुणी हात लावला तर मलाही येतो. फक्त आत येऊन विचारलं असतं तर बरं झालं असतं. आता या दाजींच्या जीपचा एक नट जरी हरवला तरी ते आधी माझ्या खिशाकडे बघतील. लोकांचा काही इलाज नाही, एकदा ऐकलं की ऐकलं."

"मी सांगते त्यांना. आत्ता सगळ्यांसमोर सांगते."

"काय सांगणार? साहेबांचं नाव घेतल्याशिवाय काय सांगणार? तेवढं नका करू. मी जुबान दिली आहे."

हा माणूस तिच्याच घराची अब्रू झाकून उभा होता आणि तिनं त्याच्या अब्रूची लक्तरं बाकावर बसलेल्या परक्या माणसांना वाटली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

शालोम उठला. चार पावलं चालत दाजीपाशी गेला आणि बाकावरच्या दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "दाजी, शनिवारी ही गाडी मी नेत होतो. बायकोला न सांगता, देवाला न सांगता. ताहेरनं माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं. त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही कुणी."

दाजी डोकं खाजवू लागला. "घ्या! आपलीच गाडी, आनि चोरून नेता?" बाकावरचा एक जण हसला. दुसरा हसला नाही. तो इस्रायल आळीच्या तोंडाशी राहणारा होता. रात्र पडायच्या आत ही बातमी सिनेगॉगच्या पायरीवर पोचणार, हे शालोमला दिसत होतं. तरी त्यानं मान खाली घातली नाही.

"का बोललात, साहेब?" ताहेर म्हणाला. त्यानं शालोमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही येत जा. चहा प्यायला या, कधीही या."

मग त्यानं काउंटरवरून कागद घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि शोशानापुढे धरला.

"क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. तिन्ही एकदम बदला. डुप्लिकेट घालू देऊ नका. दिवाळीच्या आत करून घ्या, घाटात अडकाल."

"शुक्रवारी घेऊन येते," शोशाना घाईघाईनं म्हणाली. "सगळं तुमच्या मनासारखं करा. नवीन घाला, सगळं नवीन घाला."

"नाही. माझ्याकडे नका आणू."

"अहो, पण मी माफी मागितली ना! काय करू आणखी? पाया पडू?" तिचा आवाज पुन्हा चढला होता आणि ते तिला स्वतःलाच ऐकू येत होतं.

"माफी दिली. मनात काही नाही." ताहेर खरंच शांत होता. "पण तुमची गाडी हातात घेतली की मला दर वेळी मीटरकडे बघावं लागेल. तसं काम मला जमत नाही."

"मग मी गाडी कुणाकडे नेऊ?"

"पनवेलीत गॅरेजं खूप आहेत," ताहेर म्हणाला आणि दाजीच्या जीपखाली जॅक सरकवू लागला.

गॅरेजं खरंच खूप होती. एकट्या सुकापुरात सात-आठ असतील. शालोम गाडीपाशी जाऊन थांबला होता, जीप एकेक इंच वर चढत होती, आणि शोशाना तो कागद धरून अजून तिथेच उभी होती.