ग्रामपंचायतीचा आखूड उतार

“गाडी बी उभी राहत नाई याच्यावर,” लच्छूभाऊ माझ्या अंगावर स्टँड लावता लावता पुटपुटले आणि मोटरसायकल दुसरीकडे घेऊन गेले.

मित्रांनो, ते माझ्याबद्दलच बोलत होते. कुरखेड्याकडच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या दाराला टेकून मी पडलो आहे. मला रॅम्प म्हणतात. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत, त्यांच्यासाठी मला बांधले.

बांधले कसले, उरकले. जोते तीन फूट उंच. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, हा नियम लटारू मिस्त्रीला ठाऊक होता, इंजिनिअरसाहेबांनाही. पण समोर मोहाचे झाड. मोहाला कुऱ्हाड लावायचे आमच्याकडे कोणाच्या मनातही येत नाही, आणि ते योग्यच आहे. मग भिंतीच्या कडेने वळवावे, तर तिथे ओटा. सरपंच बापूरावांनी वडिलांच्या आठवणीसाठी बांधलेला, वर वडिलांचे नाव कोरलेला. त्या ओट्यापाशी येऊन सगळ्यांचे बोलणे थांबले. साहेब म्हणाले, “बसते तेवढ्यात बसवा.” आणि मी घसरगुंडी झालो.

पुढे माझे कौतुकही झाले. रंग दिला, कठडा लावला, चाकाच्या खुर्चीचे चित्र काढले. तपासणीला आलेल्या बाईंनी माझा फोटो घेतला. चढून मात्र पाहिले नाही. हंगामात माझ्यावर मोहफुले वाळतात. पोरे घसरतात. वर जात नाही ती एकटी रीता.

रीता हाताने चालवायच्या तीनचाकीवर फिरते आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीच्या पानांचे, पुडे बांधते. फळी, म्हणजे हे पुडे मोजून घ्यायची जागा, यंदा नाल्यापलीकडे न्यायचे घाटत होते. तिथवर तिची सायकल जात नाही. म्हणजे तिचे काम गेलेच. ग्रामसभेत हे तिला स्वतः सांगायचे होते.

ग्रामसभेच्या दिवशी ती आली. दात आवळून अर्ध्यावर चढली, आणि चाके मागे आली. मी सिमेंटचा, मी तिला धरणार कसा?

“रीताताई, थांब, आमी चौघं उचलतो,” लच्छूभाऊ म्हणाले.

“मी का धानाचं पोतं आहो, भाऊ? मागच्या खेपेले उचललं, तं साडी कुठी अन् मी कुठी.” ती हसली, पण तिने वर पाहिले नाही.

ती खालूनच बोलू लागली. आत पंखे गरगरत होते. कोणालाच ऐकू गेले नाही. बापूराव दारात आले. “ताई, मले सांग ना. मी आत सांगतो.”

“माह्या तोंडानं बोलाचं आहे मले.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक म्हणाला, उतार ओला असेल. दुसरा म्हणाला, सायकलचेच टायर घासले आहे. मित्रांनो, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला मोडा आणि नीट बांधा, एवढेच माझे मागणे आहे. जी वाट कोणाला वर नेत नाही, तिला रंग देऊन काय उपयोग?

ओट्यावर बापूरावांची आई, शकुबाई, बसल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. नवऱ्याच्या नावावरची धूळ त्यांनी पदराने पुसली.

“बापू,” त्या म्हणाल्या, “तुह्या बापाचा ओटा काढून टाक. तो गेला, त्याले आता बसाले जागा नाई लागत. ही पोरगी जिती आहे.”