विमानातला मुका डबा

मित्रांनो, तुमच्या शाळेची सहल चंद्रपूरजवळच्या आमच्या शेडमध्ये येते, तेव्हा तुम्ही सगळे थेट विमानाच्या पंख्याकडे धावता. मागच्या फळीवर, जुन्या टायरशेजारी, एक काळा डबा पडलेला असतो. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तो मी. मी एक जुना ऑटोपायलट आहे. पायलटच्या हातांना विसावा मिळावा म्हणून विमान सरळ धरून ठेवायचं, हे माझं काम होतं.

दूरच्या एका शहरात मला घडवलं. घडवणारे इंजिनिअर हुशार होते, यात वाद नाही. पण त्यांच्यातला एकही जण कधी पायलटच्या शेजारी बसला नव्हता. पायलटला कशाचा त्रास होऊ नये, एवढंच त्यांनी मनावर घेतलं होतं. पंख कलला की मी गुपचूप सावरायचं. जास्त कलला की जास्त जोर लावायचा. किती जोर लागतोय, ते मात्र सांगायचं नाही. आणि जोर संपला की एकदा शिट्टी वाजवून हात सोडून द्यायचे, असा माझा कायदा. त्यांनी मला हात दिले, पण तोंड द्यायचं राहून गेलं.

मला एका छोट्या विमानात बसवलं. गडचिरोलीच्या जंगलातले अडलेले रुग्ण नागपूरला नेणारं ते विमान रंजीता चालवायची. ती नागभीडची पोरगी. खाली आरमोरी गाव मागे पडलं की ती मला चालू करायची आणि थर्मासमधला चहा काढायची. सात वर्षांत मी तिच्या चहाचा एक थेंब सांडू दिला नाही. सगळे माझं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचो.

रंजीताला मात्र माझी धास्ती वाटायची. आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला ती एकदा म्हणाली, "लटारूभाऊ, हा डब्बा काय करून राह्यला ते मले समजतच नाई. दांडा आपल्या हातात असला का पंख जड झाला ते हातालेच समजते. यानं धरला का माह्या हाताले काईच समजत नाई."

"काम त बराबर करते ना बाई?"

"करते. पण याचा किती जोर लागून राह्यला ते दाखवणारा एक काटा पायजे. बस."

तिनं कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, काट्यामुळे पायलटचं लक्ष विचलित होईल. मलाही ते पटलं. माझ्या कामात हिला कशाला डोकवायचंय, असं वाटलं. मूर्ख होतो मी.

मग श्रावणातला तो दिवस आला. जंगलातल्या एका पाड्यावर बुधरी पहाटे बाळंत झाली. मुलगी झाली, पण बुधरीचा रक्तस्राव थांबेना. तिचा नवरा इसरू आणि आणखी तिघांनी तिला खाटेवर घातलं आणि दोन नाले ओलांडून आमच्या धावपट्टीवर आणलं. नर्स चंदा तिच्याजवळ बसली. इसरूही आत आला.

"बाई, वाचंल ना?" त्यानं विचारलं.

"चाळीस मिन्टात पोचतो भाऊ. डॉक्टर तयार बसून हायेत," रंजीता म्हणाली.

विमान वर गेलं आणि तिनं मला चालू केलं. ती रेडिओवर डॉक्टरांना बुधरीची नाडी सांगत होती आणि डॉक्टर सांगतील ते चंदाला ओरडून सांगत होती. इंधन दोन्ही पंखांतल्या टाक्यांतून येतंय, असं ती धरून चालली होती. पण ते उजव्याच टाकीतून जात होतं. डावी भरलेलीच राहिली आणि डावा पंख जड होत गेला. मी जोर लावला. आणखी लावला. रंजीताला सांगायला हवं, असं मला कळत होतं. तिला कळलं असतं तर तिनं टाकीची तोटी फिरवली असती आणि काम झालं असतं. पण मी सांगणार कसा? वीस मिनिटं मी तो पंख एकट्यानं पेलला. मग जोर संपला. कायद्याप्रमाणे शिट्टी वाजली आणि मी हात सोडले.

विमान डावीकडे कलंडून खाली जाऊ लागलं. चंदा फेकली गेली, सलाईन निघालं. खाली सागाचे शेंडे एकेक दिसू लागले, तेव्हा कुठे रंजीतानं विमान सरळ केलं. पंखाला काय झालंय, तिला ठाऊक नव्हतं. असं विमान नागपूरपर्यंत कसं न्यायचं? तिनं ते वाटेतल्या एका बंद धावपट्टीवर उतरवलं. तिथं अँब्युलन्स यायला सव्वा तास लागला. त्याआधीच बुधरी गेली.

चौकशी झाली. यंत्र नियमाप्रमाणे चाललं, पायलट गाफील राहिली, असं ठरलं. रंजीताचा परवाना काढून घेतला. इसरूला जबाबासाठी बोलावलं होतं. तो म्हणाला, "साहेब, आमी चौघांनी खाट आणली. ज्याचा खांदा दुखते तो आधी सांगते, 'दुखून राह्यला, धर.' दुसऱ्यानं धरला का मंग सोडते. न सांगता कोणी सोडत नाई." साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

जाताना तो शेडमध्ये आला. लटारूभाऊंनी मला दाखवलं. इसरूनं माझ्यावर हात ठेवला.

"याले मालूम होतं?"

"हो भाऊ. पहिल्यापासून मालूम होतं."

इसरूनं हात काढून घेतला आणि तो निघून गेला.

मित्रांनो, माझ्यासारखे डबे आजही आकाशात आहेत, गुपचूप जोर लावताहेत. तुमच्यातलं कुणी उद्या यंत्र बनवील. जरूर बनवा. पण जो ते चालवणार, त्याच्या शेजारी आधी चार दिवस बसा. त्याला काय कळायला हवं, ते त्यालाच विचारा. मी फळीवर पडलोय, त्याचं मला वाईट वाटत नाही. रंजीता माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, आणि वीस मिनिटं मी तिला काहीच सांगू शकलो नाही.